शेवटच्या माणसाची बिअर

मार्चमधली दुपार. सिअ‍ॅटलचा नेहमीचा भुरभुर पाऊस. फ्रिजमध्ये मागे लपवून ठेवलेली स्मोक्ड पोर्टरची, म्हणजे धुरावलेल्या काळ्या बिअरची, बाटली मी काढली.

"अगं, दुपारी दोन वाजता?"

"शर्यत चालू आहे," मी म्हटलं. नवऱ्याला एवढं पुरतं.

शर्यत म्हणजे इडिटारॉड. अलास्कात अँकरेजहून नोमपर्यंत, बर्फातून, कुत्र्यांच्या स्लेजवर, साधारण हजार मैल. लोक बिअरबरोबर चीज जुळवतात, मी या शर्यतीतले प्रसंग जुळवते. खोड आहे, इलाज नाही. १९७८ साठी पिल्सनर, फिकी, हलकी बिअर. डिक मॅकी आणि रिक स्वेन्सन चौदा दिवस धावून नोमच्या फ्रंट स्ट्रीटवर बरोबरीने घुसले आणि निकाल लागला एका सेकंदाने. माणसं बाजूला राहिली, मोजलं गेलं ते पुढच्या कुत्र्याचं नाक. अशा निकालावर फेस बसायच्या आत ग्लास रिकामा व्हायला हवा. १९८५ साठी मात्र कडक, जडशीळ बार्लीवाइन, नावात वाइन असली तरी बिअरच. वाटेवरच्या शाक्तूलिक गावी बाकीचे वादळाला बिचकून थांबले, लिबी रिडल्स मात्र नॉर्टन साउंडच्या गोठलेल्या समुद्रावर निघाली आणि ही शर्यत जिंकणारी पहिली बाई ठरली.

पण धुराची बिअर जिंकणाऱ्यांची नव्हे.

ही पोर्टर अलास्कातल्याच जुनो गावची, १९८८ पासूनची. तिचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, आल्डरच्या लाकडाच्या धुरावर धरतात, आणि सुरुवातीला तर सामन माशांना धूर देणाऱ्या शेजारच्या भट्टीत धरत. झाकण उघडलं की आधी न्हाणीघरच येतं नाकात. आजोळचं. चुलीवर काळाकुट्ट हंडा, ओलं लाकूड, डोळ्यांत पाणी. तो धूर केसांत बसायचा, शिकेकाईला दाद द्यायचा नाही.

त्याच घराच्या ओटीवर कंदील असायचा. आजी संध्याकाळी राखेने काच पुसायची. आतून हात घालायला माझा हात लहान म्हणून ते काम माझं; काजळी कोपरापर्यंत. मग खुंटीला कंदील, आणि आजोबा शेवटच्या एसटीने यायचे असले की तो विझवायचा नाही. वात वाढली की काच तडकते, म्हणून आजी मधूनमधून उठून बघायची. बघायची रस्ता, नाव वातीचं.

अलास्कातही असंच होतं. डाक आणि सामान कुत्र्यांवरून जायचं तेव्हा वाटेवरच्या खाणावळी बाहेर रॉकेलचा दिवा टांगत, आणि वाटेत असलेला माणूस पोचेपर्यंत तो विझवत नसत. आता शर्यत सुरू झाली की नोमला, ती संपते तिथल्या कमानीवर, कंदील लागतो. शेवटचा स्पर्धक येतो आणि तो विझवतो. लाल कंदील हे त्याचं बक्षीस. १९७३ च्या पहिल्या शर्यतीत डिक विल्मार्थ वीस दिवसांत पोचला, जॉन शुल्ट्झ बत्तीस दिवसांत. म्हणजे विजेत्याचे सत्कार शिळे होऊन गेले असतील, आणि हा अजून बर्फात.

माझी पोर्टर त्याची.

आजोबा पायरी चढले की स्वतःच वात खाली करायचे. आजी जेवायला बसायची ती त्यानंतर.

"पोचला का तुझा शेवटचा?" नवऱ्याने आतून विचारलं.

अजून नाही. ग्लास अर्धा उरलाय. मी त्यावर बशी झाकून ठेवली. बिअर अशी ठेवत नाहीत, माहीत आहे मला.