कवडसे

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवण लिहून पाठवा, असा निरोप आला तेव्हा मला एकच दुपार आठवली. १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. मी नववीत होतो. आपला तालुका तेव्हा अजून रत्नागिरी जिल्ह्यातच होता.

त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. खग्रास पट्टा आपल्या दक्षिणेला, अंकोल्याच्या बाजूने जाणार होता. आपल्याकडे सूर्याची बारीक कोर तेवढी उरणार होती. विज्ञानाच्या सरांनी सांगून ठेवलं होतं, "ज्यांना यायचंय त्यांनी दुपारी या. वर बघायचं नाही. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून आणा." सगळ्या वर्गातून आम्ही सातजण आलो. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. घरी आजीने सकाळीच दुधावर, पाण्यावर, लोणच्याच्या बरणीवरसुद्धा तुळशीपत्रं ठेवली होती. मी परसातून पळून आलो होतो.

पुठ्ठ्यांची गरजच पडली नाही. शाळेमागच्या आंब्याखाली जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पडल्या होत्या. सर म्हणाले, "रोजचे कवडसे गोल का असतात, याचा कधी विचार केलात? पानांमधली भोकं कुठे गोल असतात? गोल असतो तो सूर्य. प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचं चित्र." भौतिकशास्त्र शिकायचं हे मी त्या आंब्याखाली ठरवलं. पुढे तेच तीस वर्षं शिकवलं.

पण त्याच संध्याकाळी मी घरी गेलो आणि कोणी सांगायच्या आत विहिरीवर जाऊन दोन कळशा डोक्यावर ओतून घेतल्या. त्याशिवाय घरात पाऊल टाकवेना.

सोमवारी सरांनी विचारलं, "ग्रहण सुटल्यावर कोणी कोणी आंघोळ केली?" एकही हात वर गेला नाही. सरांनी आमच्याकडे पाहिलं आणि स्वतःचा हात वर केला. मग एकेक करत आमचेही सात हात वर आले. सर एवढंच म्हणाले, "कोरी पाहिल्यात, ते वहीत लिहा. आंघोळ केलीत, तेही लिहा. निरीक्षण अर्धं लिहायचं नसतं."

त्यांचं हे वाक्य मला पंधरा वर्षं नीट कळलं नव्हतं.

२४ ऑक्टोबर १९९५, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. पुन्हा सूर्यग्रहण, आपल्याकडे खंडग्रास. बायकोला सातवा महिना होता. ती नर्स. बाळाचे ओठ जुळायचे ते पहिल्या दोन महिन्यांतच जुळतात, सातव्या महिन्यातल्या सावलीने ते फाटत नाहीत, हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. मी तर आदल्याच आठवड्यात वर्गात चंद्राच्या सावलीची आकृती काढून आलो होतो. आई दारात येऊन म्हणाली, "झिला, तुका पटाचा नाय, माका म्हायत आसा. पण वायच आत बसव तिका. सुरयेक हात लावक देव नको."

आईचं मन मोडू नये म्हणून मी बायकोला आत बसवलं, असं मी नंतर बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. ते खरं नाही. आई स्वयंपाकघरात निघून गेल्यावरही मी पूर्वेची खिडकी लावून घेतली, कडी घातली आणि कडी नीट बसली की नाही ते पुन्हा तपासलं. माझे तळहात ओले झाले होते. भीती मला आजीने मांडीवर घेऊन शिकवली होती, सावलीची भूमिती पुढे शाळेत आली. माझ्या मनात आजही दोघींचा मुक्काम आहे आणि त्यांचं आपसात बोलणं नाही.

खिडकीच्या झडपेला एक फट होती. थोड्या वेळाने समोरच्या भिंतीवर रुपयाच्या नाण्याएवढा उजेड दिसला, एका बाजूने खाल्लेल्या भाकरीसारखा. बायकोने तो आधी पाहिला. आम्ही दोघं ग्रहण सुटेपर्यंत त्या भिंतीकडे बघत बसलो. ती काही बोलली नाही, फक्त माझा हात धरून होती.

जानेवारीत मुलगी झाली. दुपट्यात गुंडाळून तिला माझ्या हातात दिली, तेव्हा मी सगळ्यात आधी तिचे ओठ पाहिले.

त्या रात्री मी तेही वहीत लिहिलं.