पावसाची वही

मंडळाच्या गावी बसवलेल्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला, तरच त्या महसूल मंडळात, म्हणजे त्या गावांच्या गटात, अतिवृष्टी झाली असे सरकारी कागद मानतो. तीन वर्षांपूर्वी, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शिवारात कापसाची पऱ्हाटी पाण्यात उभी असताना, मी तेवढा आकडा विचारून घेतला आणि 'अतिवृष्टी नाही' अशी बातमी दिली. दुसऱ्या दिवशी पारावर एका वयस्क कास्तकाराने मला अडवले. "काहो बापू, पाऊस मंडळाच्या गावातच पडते का?"

आकडा खोटा नव्हता. पर्जन्यमापक आमच्यापासून अकरा किलोमीटरवर होता, एवढेच. दोन गावांतला पाऊस सारखा नसतो हे बांधावरच्या पोरालाही ठाऊक असते, मला मात्र ते विचारावेसे वाटले नव्हते.

त्यानंतर पाच घरांच्या अंगणांत सरळ बाजूंचे डबे ठेवले गेले. रोज सकाळी आठला शाळेच्या पट्टीने पाण्याची उंची मोजायची, वहीत लिहायची आणि डबा उपडा करायचा. पहिल्याच आठवड्यात एका डब्यातला पाऊस सतत कमी भरू लागला, तेव्हा मी मोजणाऱ्यावर संशय घेतला. शेजारच्या काकूंनी डबा कडुनिंबाच्या फांदीखाली असल्याचे दाखवून दिले. आता दर शनिवारी वही पारावर वाचली जाते, ज्याला पटत नाही तो तिथेच हरकत घेतो, आणि त्यानंतरच मी बातमी लिहितो. छत्तीसगडात २०१० साली सुरू झालेल्या 'सीजीनेट स्वर' या सेवेवर लोक फोनवरून स्वतःच बातमी सांगू लागले आणि ती तपासून इतरांना ऐकवली जाऊ लागली. आमचा खटाटोप त्यामानाने फारच किरकोळ आहे, पण तपासणी गावातच होते हे मला महत्त्वाचे वाटते.

कार्यालयात ही वही पुरावा म्हणून चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. मात्र पीक विम्यासाठी नुकसानीची सूचना २०२४ पर्यंत ७२ तासांच्या आत द्यावी लागत असे, आणि पाणी नेमके कोणत्या रात्री साचले याबद्दल आता कुणाची गफलत होत नाही.

मला सर्वांत अनपेक्षित वाटलेली दुरुस्ती स्वतःचे शेत नसलेल्या बायकांनी सुचवली. वहीत पाऊस होता, पिके होती, पण निंदणाला जाणाऱ्या मजुरांचे काहीच नव्हते. चिखल झाला की कामाचे बोलावणे येत नाही, रोजी बुडते, आणि पंचनाम्यात तर त्यांचा उल्लेखही नसतो. त्यांच्या सांगण्यावरून मी नवा रकाना आखला आणि वर 'मजुरीचे नुकसान' असे लिहू लागलो. त्यातल्या एकीने हात पुढे करून मला थांबवले आणि तिथे नुसते 'खाडा' लिहायला सांगितले.