आमची वाटचाल: दोन टेबलं आणि एक कालनिर्णय

वकिलांना जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलचा नियमच आहे, त्यामुळे फर्मचं नाव-पत्ता देत नाहीये, फक्त इथवर कसे आलो ते लिहितोय.

पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजमधून बाहेर पडलो आणि शिवाजीनगर कोर्टात एका सरांकडे ज्युनियर लागलो. पहिली काही वर्षं काम काय, तर तारखा घ्यायच्या, नकलेचे अर्ज टाकायचे, टायपिस्टशेजारी बसून कार्बन लावायचे, पगार म्हणजे सर देतील तो. सर म्हणायचे, बाबा रे, भाषणं सोड, पंचनामा वाच. मग शनिवार पेठेत जिन्याखालची खोली घेतली, दोन टेबलं, आणि सरांचेच जुने क्लार्क मामा संध्याकाळी येऊन बसायचे.

आणि पहिल्याच वर्षी माती खाल्ली. हाफ मर्डरची केस, म्हणजे खुनाचा प्रयत्न, आयपीसीचं (भारतीय दंड संहितेचं) कलम ३०७. त्यात ९० दिवसांत चार्जशीट, म्हणजे पोलिसांचं आरोपपत्र, आली नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, पण अर्ज टाकला तरच, आणि तोही चार्जशीट यायच्या आधी. दिवस मोजायचे ते पहिल्या रिमांडपासून, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिली तिथपासून, अटकेपासून नाही. नव्वदावा दिवस शुक्रवारी संपला. शनिवारी रिमांड कोर्टात अर्ज देता आला असता, मी म्हटलं सोमवारी बघू. सोमवारी अकराला चार्जशीट दाखल झाली, मी पोचलो पावणेबाराला. हक्क गेला. पोरगा येरवड्यात अजून चौदा महिने. त्याची आई बाहेर बाकावर डबा घेऊन बसलेली, "आज सुटंल ना साहेब?" त्यांनी नंतर वकील बदलला, बरोबरच केलं.

मामांनी दुसऱ्या दिवशी भिंतीवर कालनिर्णय टांगलं. नवी फाईल आली की साठावा (कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत मुदत तेवढीच) आणि नव्वदावा दिवस लाल पेनाने गोल, मग बाकीचं.

पुढे कामं वाढत गेली. एका खुनाच्या केसमध्ये कोयता काढून दिल्याचा पंचनामा होता, आता आरोपी पोलिसांपुढे जे बोलतो त्यातला वस्तू सापडण्यापुरताच भाग पुराव्यात चालतो, म्हणून पंच, म्हणजे पंचनाम्याचा साक्षीदार, महत्त्वाचा. हा पंच पोलीस चौकीसमोरचा टपरीवाला. उलटतपासात विचारलं, याआधी किती वेळा पंच झालात? भडकलाच, "साहेब बोलवतात, धंदा तिथंच आहे, नाही कसं म्हणू?" कोर्टात शांतता. निकालात इतरही कारणं होती, पण ते वाक्य कोर्टाने उचललं.

सोसायटीत अजून विचारतात, गुन्हेगारांना कसं काय वाचवता हो? मी हसून जिना चढतो. सुटलेल्यातले निम्मे राहिलेली फी देत नाहीत, ते मात्र कोणी विचारत नाही.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, खुनाचं कलम ३०२ चं १०३ झालं, ३०७ चं १०९. पण त्याआधीचे गुन्हे जुन्याच आयपीसीवर चालतात, त्यामुळे टेबलावर दोन्ही पुस्तकं. दोन ज्युनियर मुली आहेत, मोबाईलवर सेकंदात दिवस मोजतात. अपिलाला मुंबईच्या हायकोर्टात जायला मात्र अजून डेक्कन क्वीनच, सकाळी सव्वासातची.

मामा आता नाहीत. कालनिर्णय दर डिसेंबरला मी स्वतः आणतो, आणि लाल गोल मुलींच्या मोबाईलशी ताडून बघतो, एक दिवस इकडेतिकडे निघाला तर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावतो, त्या वैतागतात.