क्लास टू मेडिकल: बीपीचा गुंता दंडाच्या घेरात होता

मंडळी, रिपोर्ट आला! बीपीची चोवीस तासांची सरासरी १२१/७६. हौशी पायलटच्या लायसन्ससाठी लागणाऱ्या क्लास टू मेडिकलमध्ये ‘टेम्पररी अनफिट’ ऐकल्यापासून पाच आठवडे झाले, काल पहिल्यांदा शांत झोप लागली.

मागच्या वेळी लिहिलं होतं तसं ईसीजी, ऑडिओ म्हणजे कानांची तपासणी, रंग ओळखायच्या इशिहाराच्या प्लेट्स सगळं पार पडलं होतं. गाडी अडली ती बीपीवर. मेडिकल घेणाऱ्या डॉक्टरकडे, म्हणजे एक्झामिनरकडे, १५२/९६, दहा मिनिटं बसवून परत घेतलं तर १४८/९४. घरीही रोज १४१च्या आसपास. मीठ कमी केलं, रविवारची मिसळ सोडली, पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या सुरू केल्या. दोन किलो उतरले, आकडा मात्र ढिम्म.

मग एका संध्याकाळी बायकोच्या शिवणाच्या टेपनं दंड मोजला. ३५ सेंटिमीटर! आणि घरच्या मशीनच्या कफवर, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यावर, बारीक अक्षरात छापलेलं: २२ ते ३२. कफ लहान पडला की धमनी दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि आकडा खोटा चढतो. मोठा कफ तीन मेडिकलमध्ये विचारला, कुणाकडेच नव्हता, शेवटी ऑनलाइन मागवला. त्याच दंडावर, पाच मिनिटं शांत बसून: १३२/८४. त्या क्षणी मशीनला नमस्कार केला.

शिवाय मी हात मांडीवर टाकून बसायचो. हात हृदयापेक्षा दहा सेंटिमीटर खाली असला तरी आकडा सुमारे ८नं वाढतो. पायावर पाय, मध्येच बोलणं, लघवी तुंबलेली असणं, सगळ्यानं चढतो. मनगटावरची मशीनं घेऊच नका, हात जरा हलला की रीडिंग बदलतं.

तरी तपासणीच्या खोलीत छाती धडधडते, त्याचं काय? म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी चोवीस तासांचं मॉनिटर बांधलं. दिवसा दर अर्ध्या तासाला कफ फुगतो, तेव्हा हात सैल सोडून स्तब्ध राहायचं. एकदा नेमका द्वारका चौकात फुगायला लागला. स्कूटर कडेला घेतली, मागून हॉर्नचा कल्ला, मी पुतळ्यासारखा उभा. दुपारी ओझरच्या बाजूनं सुखोई गेलं, मी गच्चीवर मान वर करून बघत होतो आणि तेवढ्यात कफ आवळला. दुपारभरातलं सगळ्यात कमी रीडिंग तेच निघालं, ११७! रात्रीची सरासरी ११०/६६. म्हणजे माझा त्रास पांढऱ्या कोटाचा, डॉक्टरांसमोर बसलं की बीपी चढतं.

नियम असायलाच हवेत, सोलोला म्हणजे एकट्यानं विमान उडवताना शेजारच्या सीटवर कुणी नसतं. पण खोलीतल्या दोन रीडिंगवर माणूस अडकू नये. अमेरिकेत २०१७पासून बेसिकमेड आहे: एकदा रीतसर मेडिकल झालेलं असलं की पुढं दर ४८ महिन्यांनी साध्या डॉक्टरकडून तपासणी आणि दर २४ महिन्यांनी ऑनलाइन कोर्स. आपल्याकडे हौशी पायलटसाठी असं काही यावं, असं मला मनापासून वाटतं.

आता पुढचं. रिपोर्ट घेऊन उद्याच एक्झामिनरकडे जायचं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता सुचलं, दोन आठवडे थांबावं. मोठ्या कफवरची रोजची सकाळ-संध्याकाळची रीडिंग वहीत लिहून तीही रिपोर्टला जोडावीत. कफ सोबत न्यायचा, दंडाचा घेर आधीच सांगायचा, आणि बीपी सगळ्यात आधी घ्यायची विनंती करायची, बाकीच्या तपासण्यांनी जीव टांगणीला लागायच्या आत.

लायसन्सला लागणाऱ्या ४० पैकी माझे ३१ तास उडून झालेत, सोलो क्रॉसकंट्री, म्हणजे एकट्यानं दुसऱ्या गावापर्यंतचं उड्डाण, बाकी आहे. फिट मिळाल्याबरोबर धुळ्याला पळायचं होतं, पण जून उजाडलाय. तेव्हा पावसाळ्यात मेटचा, म्हणजे हवामानशास्त्राचा पेपर उरकतो. ढगांचा धडा खिडकीतूनच दिसतोय. कुणाकडे मेटच्या जुन्या नोट्स असतील तर सांगा, नाशिकात कुठंही येऊन घेऊन जाईन.