नाव छापायचं की नातं?

बाललैंगिक शोषणाची बातमी डेस्कवर आली की पहिली कात्री मुलाच्या नावाला लागते. ते सोपं. पाठोपाठ शाळा, वस्ती, आईवडिलांची नोकरीही जाते. ‘प्रेमसंबंधातून’ हा शब्द तर मी बातमीदाराला न विचारताच उडवते. मूल राजीखुशीने गेलं असेल, हा समज असल्या शब्दांवरच पोसला जातो. इंग्लंडमधल्या रॉदरहॅममध्ये १९९७ ते २०१३ या काळात किमान १,४०० मुलांचं शोषण झालं, असं २०१४च्या चौकशी अहवालाने सांगितलं. त्यातल्या कित्येकांकडे पोलिसांनी तुच्छतेने पाहिलं होतं, हेही त्यात आहे.

त्या संध्याकाळी घोळ वेगळाच होता. आरोपी मुलीचा सख्खा काका. ‘काका’ लिहून त्याचं नाव दिलं, तर मुलीचं आडनाव आपणच जाहीर केल्यासारखं. म्हणजे नाव किंवा नातं, एकच काहीतरी छापायचं. ब्रिटिश वृत्तपत्रांच्या आचारसंहितेचं सातवं कलम नावाच्या बाजूने आहे: प्रौढ आरोपीची ओळख देता येते, पण त्याचं मुलाशी नातं सूचित होईल असं काही नको. नियम म्हणून चोख आहे, पण मला पुरता पटत नाही. नातं गाळलं की वाचक आरोपीला परका धरून चालतो. अंधारात दबा धरून बसलेला कुणी अनोळखी, हेच चित्र वर्षानुवर्षं लोकांच्या डोक्यात आहे. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीतला, विश्वासातला असतो.

“नातंच देऊ,” मी संपादकांना म्हटलं.

“देऊ. पण बाकीच्यांनी नाव दिलं असेल तर?”

खरा अडसर तोच. एकाने नाव द्यायचं, दुसऱ्याने नातं, आणि वाचकाने दोन्ही शेजारी ठेवायचं, की संपलं. पान सोडण्याआधी इतर डेस्कना फोन लावले. एका ठिकाणी नाव केव्हाच वेबसाइटवर चढलं होतं, फोटोसकट. त्यांनी नातं दिलं नव्हतं, एवढंच नशीब.

मग मलाच ‘काका’ काढावा लागला. छायाचित्र विभागाने भेदरलेल्या मुलीची सावली पाठवली होती, तीही परत केली. उरली चार ओळींची बातमी: अटक, कलमं, पुढची सुनावणी. दुसऱ्या दिवशीच्या प्रतिक्रियांत अपेक्षित तेच, ‘मुलांना अनोळखी माणसांशी बोलू देऊ नका.’

ओळखीच्या माणसांबद्दलची चौकट मी लिहून ठेवली होती. बातमीशेजारी लावली असती तर नातं उघड झालं असतं. ती आम्ही बऱ्याच दिवसांनी, आतल्या पानावर, या प्रकरणाचा उल्लेखही न करता छापली.