बीजिंग तीन-चार दिवसांत: तिकीट, सोमवार आणि शहराची मध्यरेषा

बीजिंगला तीन-चार दिवस जायचं ठरलं की आधी कॅलेंडर उघडा. राजवाड्याचं तिकीट कोणत्या दिवशी सुटणार, मुक्कामात सोमवार कुठे येतो आणि चीनमधली मोठी सुट्टी मध्ये पडते का, या तीन गोष्टींवर बाकीचा कार्यक्रम बसतो. हॉटेल बदलता येतं, जेवणाची जागा बदलता येते. राजवाड्याचं तिकीट हुकलं तर ते तिथे जाऊन मिळत नाही.

निषिद्ध नगरी, म्हणजे सम्राटांचा जुना राजवाडा आणि आजचं पॅलेस म्युझियम, भेटीच्या सात दिवस आधी बीजिंगच्या वेळेनुसार रात्री ८ वाजता तिकिटं खुली करतं. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन, नोव्हेंबर ते मार्च ४० युआन. सकाळ आणि दुपार अशा दोन वेळा असतात, सकाळचीच घ्या. शनिवार-रविवारची तिकिटं फार लवकर संपतात, त्यामुळे प्रत्येकाचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक आधीच टाइप करून ठेवा आणि मग साडेपाचला बसा. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच हवं. आत जाताना तिकिटाचा कागद लागत नाही, पासपोर्टच तपासतात. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. बुकिंगनंतर पासपोर्टचं नूतनीकरण झालं असेल तर जुन्या क्रमांकावरचं तिकीट निरुपयोगी ठरतं.

या तिकिटाचे पैसे भरण्यासाठी अलिपे किंवा वीचॅट आधीच चालू असायला हवं, म्हणून ते काम सगळ्यात पहिलं. ही अॅप भारतात असतानाच घ्या, पासपोर्ट पडताळणी पूर्ण करा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. बँकेच्या अॅपमध्ये त्या कार्डाचे परदेशी व्यवहार चालू केलेत का, ते पाहा. भारतीय कार्डांवर ते बहुधा बंद असतात आणि पैसे न जाण्याचं सर्वाधिक आढळणारं कारण हेच. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, तेव्हा ते सिम फोनमध्ये असू द्या आणि त्यावर एसएमएस येण्यापुरतं रोमिंग ठेवा. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला अलिपे जादा आकार घेत नाही. त्यावरच्या रकमेला ३ टक्के लागतात. दहा-वीसच्या नोटांमध्ये दोन-तीनशे युआन रोखही जवळ असावेत. दुकानदार रोख नाकारत नाहीत, पण शंभराची नोट दिली तर सुट्टे नसतात.

इंटरनेटचं असं आहे की गूगल, जीमेल, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम, यूट्यूब हे सगळं तिथल्या वाय-फायवर आणि स्थानिक सिमवर बंद असतं. भारतीय कंपनीचं रोमिंग किंवा चीनबाहेरच्या कंपनीचं ई-सिम घेतलं तर हे सगळं चालतं, कारण तो डेटा बाहेरच्या देशातून फिरून येतो. मात्र फोन हॉटेलच्या वाय-फायला जोडला की व्हॉट्सअॅप पुन्हा गप्प होतं. गूगल मॅप सुरू झालं तरी त्यावर विसंबू नका. चीनचे नकाशे वेगळ्या निर्देशांक पद्धतीवर असल्यामुळे रस्ता आणि तुमचा निळा ठिपका जुळत नाहीत. अॅमॅप किंवा अॅपल मॅप वापरा. हॉटेलचं नाव आणि पत्ता चिनी लिपीत फोनमध्ये ठेवा.

व्हिसा भारतीय पासपोर्टला लागतोच, पर्यटनासाठी ‘एल’ प्रकारचा. व्हिसाशिवाय २४० तास राहण्याची जी सवलत व्हिडिओंमध्ये दिसते, ती ठरावीक ५५ देशांच्या नागरिकांना आहे आणि त्यांत भारत नाही. अमेरिकी पासपोर्ट असलेल्या आपल्या नातेवाइकांना ती मिळते, पण पुढे तिसऱ्या देशात जाणार असतील तरच. आलात तिथेच परत जायचं असेल तर नाही.

आता शहराकडे. जुनं बीजिंग एका सरळ रेषेवर वसवलेलं आहे. दक्षिणेला योंगदिंगमेन दरवाजा, उत्तरेला ढोल आणि घंटेचे मनोरे, आणि मधल्या ७.८ किलोमीटरवर थ्येनआनमेन चौक, राजवाडा, जिंगशान टेकडी. या मध्यरेषेला जुलै २०२४ मध्ये युनेस्कोचा वारसा दर्जा मिळाला, तोही नवी दिल्लीत भरलेल्या अधिवेशनात. थोडे दिवस हाती असलेल्या माणसाने एक पूर्ण दिवस या रेषेला द्यावा आणि ती दक्षिणेकडून उत्तरेकडे चालावी. कारण साधं आहे: राजवाड्यात प्रवेश फक्त दक्षिणेच्या वूमेन दरवाजातून मिळतो, बाहेर मात्र उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या दारातून पडतात. उत्तरेच्या दारात टॅक्सीने उतरलेल्यांना तटाला वळसा घालून दक्षिणेला यावं लागतं, आणि राजवाडा लांबीला ९६१ मीटर आहे.

थ्येनआनमेन चौकात जाण्यासाठी वेगळं, मोफत आरक्षण लागतं. तेही पासपोर्टवर आणि आधी करायचं. मेट्रोतून बाहेर आल्यावर तपासणीच्या रांगा असतात. राजवाड्याची वेळ सकाळची असेल तर किमान तासभर हाताशी ठेवून छ्येनमेन किंवा थ्येनआनमेन पूर्व स्टेशनवर उतरा. लायटर, फवारणीचे डबे, चाकू जवळ नकोत.

राजवाडा १४०६ ते १४२० या काळात मिंग सम्राट योंगलच्या आज्ञेने बांधला गेला. तिथून चोवीस सम्राटांनी राज्य केलं आणि १९२५ मध्ये त्याचं संग्रहालय झालं. बहुतेक गट मधल्या रेषेवरचे तीन मोठे महाल ओलांडून तासा-दीड तासात मागच्या दाराने बाहेर पडतात. त्यांना गर्दीच जास्त दिसते. ताइहे महालापाशी थांबून छपराच्या कोपऱ्यावरची रांग बघा: सगळ्या राजवाड्यात दहा प्राणी फक्त याच छपरावर आहेत, बाकी इमारतींवर दर्जाप्रमाणे कमी. अंगणांतले मोठे धातूचे रांजण आगीसाठी पाणी साठवायचे होते. हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून त्यांच्याखाली विस्तव ठेवत. अख्खा राजवाडा लाकडी आणि वीज पडून महाल जळण्याचा इतिहास, त्यामुळे ही खरीच गरज होती.

मग पूर्वेला वळा. १० युआनचं वेगळं तिकीट काढून खजिन्याचं दालन पाहावं. छ्यानलोंग सम्राटाने निवृत्तीनंतर राहण्यासाठी बांधलेला हा भाग आहे. इथली नऊ ड्रॅगनची चकाकत्या फरशांची भिंत, बाग आणि तीन मजली नाट्यमंच पाहायला निवांत जागा मिळते. घड्याळांच्या दालनाचं तिकीटही १० युआन. ही दोन्ही तिकिटं मुख्य तिकिटाबरोबरच ऑनलाइन घेतलेली बरी. एकंदर चार तास धरा. सावली कमी, फरसबंदी खडबडीत, म्हणून बूट मळखाऊ आणि जाड तळव्याचे हवेत.

उत्तरेच्या दारातून निघालात की समोरच जिंगशान. तिकीट अवघे २ युआन. ही टेकडी राजवाड्याभोवतीचा खंदक खणताना निघालेल्या मातीची आहे, आणि १६४४ मध्ये शेवटच्या मिंग सम्राटाने इथेच गळफास घेतला. वर चढायला पंधरा मिनिटं पुरतात. पिवळ्या छपरांचा राजवाडा एका नजरेत मावतो तो इथूनच. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून आलं की छपरांचा रंग खुलतो. टेकडी उतरून उत्तरेच्या दाराने बाहेर पडा आणि ढोल मनोऱ्यापर्यंत चाला. पाय थकले असतील तर मेट्रोची ८ नंबरची लाइन याच रेषेच्या जवळून जाते.

सोमवारी पॅलेस म्युझियम बंद असतं, सार्वजनिक सुट्टी आली तर अपवाद. म्हणून सोमवार चीनच्या भिंतीला द्या. तिच्या बादालिंग आणि मुतियान्यू या दोन भागांतून एक निवडा. बादालिंगला बीजिंग नॉर्थ किंवा छिंगह स्टेशनवरून वेगवान रेल्वे जाते, त्यामुळे वयस्कर मंडळींना ते सोपं. पण गर्दी अफाट. मुतियान्यू बीजिंगपासून सुमारे ७० किलोमीटर, झाडीत, आणि भिंतीला दोन्ही बाजूंनी कठडे असल्यामुळे नजरेला भरणारी. आमचं मत स्पष्टपणे मुतियान्यूच्या बाजूने आहे.

तिथे एक घोटाळा नेहमी होतो. केबल कार १४ नंबरच्या बुरुजापाशी सोडते. खुर्च्यांचा पाळणा आणि उतरायची घसरगाडी ६ नंबरच्या बुरुजापाशी आहे. दोन्ही व्यवस्था वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत, त्यामुळे एकीचं परतीचं तिकीट दुसरीकडे चालत नाही. केबल कारने वर जाऊन घसरगाडीने उतरायचं असेल तर दोन्हीची एकेरी तिकिटं घ्या. १४ वरून पश्चिमेला २० नंबरपर्यंत जा (शेवटचा चढ खरोखर उभा आहे), मग उलट फिरून ६ कडे उतरत या. तीन तास लागतात. पाऊस पडला की घसरगाडी बंद होते, हे लक्षात ठेवा. प्रवेश ४० युआन, आतली बस जाऊन-येऊन १५, आणि एकाच कंपनीच्या सोयीने वर-खाली करण्याचे सुमारे १४०. माणशी दोनशेच्या आसपास.

दोंगझिमेनहून ९१६ एक्सप्रेस बसने ह्वाइरौला जाऊन पुढे बदलता येतं, ते सगळ्यात स्वस्त. पण वाटेत गणवेशासारखे कपडे घातलेले लोक ‘मुतियान्यू, इथे उतरा’ म्हणतात. ते टॅक्सीवाल्यांचे दलाल असतात. उतरू नका. चौघं असाल तर गाडी ठरवणंच परवडतं. छ्येनमेन आणि वांगफुजिंग भागात छान इंग्रजी बोलणारी तरुण मुलं ‘चहा घेऊ या’ म्हणून नेतात, तिथेही नम्रपणे नाही म्हणा. बिल शेकड्यांत येतं.

उरलेल्या दिवशी सकाळी टेंपल ऑफ हेवन. मेट्रो ५ नंबर, पूर्वेचं दार. बाग पहाटे ६ ला उघडते आणि आठच्या आत गेलात तर स्थानिक आजी-आजोबांचा व्यायाम, पत्ते, गाणी असं सगळं पाहायला मिळतं. तिकीट सर्व वास्तूंसह घ्या, नाहीतर आतल्या दारांवर अडवतात. ३८ मीटर उंचीचा गोल महाल खिळ्यांविना जोडलेला आहे. आतले २८ खांब मोजा: मधले ४ ऋतूंचे, नंतरचे १२ महिन्यांचे, बाहेरचे १२ दिवसाच्या प्रहरांचे. आधीची इमारत १८८९ मध्ये वीज पडून जळाली; आजची त्यानंतर पुन्हा उभारलेली.

दुपारी समर पॅलेस. मेट्रो ४ नंबरच्या बेइगोंगमेनला उतरून उत्तरेच्या दाराने शिरा. टेकडी आधी चढून होते आणि पुढची वाट तळ्याकडे उतरते. ७२८ मीटरच्या चित्रमय ओसरीखालून चालत पूर्वेच्या दाराने शियुआन स्टेशन गाठा.

शाकाहारी मंडळींनी ‘भाजी’ म्हणून विश्वास ठेवू नये. परतलेल्या शेंगांत आणि मापो तोफूत खिमा असतो, हिरव्या पालेभाजीवर ऑयस्टर सॉस असतो, साध्या सुपात कोंबडीची पूड असते. ‘मी मांस, मासे, अंडी, कोंबडीची पूड खात नाही’ हे वाक्य चिनीत लिहून दाखवा. बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरचीचं दीसानश्येन, आंबट-तिखट बटाट्याचा कीस, व्हिनेगरातली कोबी हे उत्तर चीनमधल्या साध्या खानावळीत मिळतं आणि भाताबरोबर पोट भरतं. बौद्ध शाकाहारी उपाहारगृहांत परंपरेने कांदा-लसूणही नसतो, जैन कुटुंबांसाठी हा मोठाच आधार. योंगह लामा मंदिराच्या परिसरात अशी ठिकाणं शोधा.

आणखी एक दिवस असेल तर वेगवान गाडीने श-च्या-च्वांग शहराला जाऊन यावं. बीजिंग वेस्टहून साधारण सव्वा ते दीड तास. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. रेल्वेचं तिकीटही पासपोर्टवरच आणि १५ दिवस आधी खुलं होतं.

१ ते ७ ऑक्टोबर आणि १ मेच्या आसपासचे दिवस पूर्ण टाळा. परतीच्या विमानाचा विमानतळ तिकिटावर पुन्हा वाचा: कॅपिटल ईशान्येला, दाशिंग दक्षिणेला, आणि एकावरून दुसऱ्यावर जायचं तर अख्खं शहर ओलांडावं लागतं. कॅपिटलसाठी दोंगझिमेनहून २५ युआनची मेट्रो गाडी आहे, दाशिंगसाठी त्साओछ्याओहून ३५ युआनची. दोन्ही पहाटेच्या आणि मध्यरात्रीच्या विमानांना उपयोगी पडत नाहीत. तेव्हा टॅक्सी आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.