तेंदूच्या हंगामापुरते भामरागड

गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात माझे बालपण गेले, कारण वडील तेथील एका आश्रमशाळेत शिक्षक होते. दहावीनंतर मी नागपूरला आलो, पुढे वडिलांची बदली झाली आणि त्या भागाशी असलेला संबंध लग्नपत्रिका व अधूनमधूनच्या फोनपुरता उरला. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र त्याच तालुक्यातील एका ग्रामसभेचा तेंदूपत्त्याचा हिशोब लिहिण्यासाठी मी हंगामभर तेथे राहिलो. शाळेतला माझा एक माडिया आदिवासी मित्र आता ग्रामसभेच्या कामात पुढे असतो. ठेकेदाराचा दिवाणजी त्याची वही लिहिणारच, पण तिच्याशी ताडून पाहायला आपली वही हवी आणि ती लिहिणारा माणूसही आपला हवा, असे त्याचे म्हणणे होते. त्या ‘आपल्या’ माणसात माझी गणना झाली याचे मला, खरे सांगायचे तर, अप्रूप वाटले. कारण आम्ही नोकरदारांची मुले त्या गावात राहिलो तरी जंगलात राहिलो नाही. तेंदूचा हंगाम आम्हाला ठाऊक होता तो एवढाच, की मे महिन्याच्या सुट्टीत वर्गमित्र खेळायला येत नसत.

ते का येत नसत, हे आता कळले. उजाडण्याआधीच घरे रिकामी होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई, म्हणजे छाटणी, केलेल्या तेंदूच्या झुडपांना कोवळी, तांबूस पालवी फुटते. ती हिरवी आणि चिवट होते न होते तोच खुडावी लागते, कारण पान जून झाले की विडीच्या कामाचे राहत नाही. ऊन चढेपर्यंत तोडणी, दुपारी घरच्या सावलीत सगळ्या कुटुंबाने बसून पाने जुळवणे व पुडके बांधणे, आणि सायंकाळी ती पुडकी फळीवर, म्हणजे मोजणीच्या मैदानावर, नेणे, असा हा क्रम आहे. एका पुडक्यात ७० पाने, शंभर पुडक्यांचा शेकडा आणि हजार पुडक्यांची एक प्रमाणित गोणी. म्हणजे एका गोणीमागे ७० हजार पाने कोणीतरी एकेक करून खुडलेली असतात. मजुरी शेकड्यावर ठरते आणि रॉयल्टी, म्हणजे पानांसाठी ठेकेदाराने द्यायची रक्कम, गोणीवर, त्यामुळे मोजणीत पडलेली लहानशी तूट दोन्हीकडे उतरते.

ही रॉयल्टी ग्रामसभेच्या खात्यात येते, ही माझ्या बालपणी कोणाच्या डोक्यातही नसलेली गोष्ट आहे. तेव्हा वन विभाग लिलाव करी, ठेकेदार येई आणि गावाच्या वाट्याला मजुरी तेवढी येई. शेकड्यावर चार पुडकी ‘वरची’, म्हणजे फुकट, द्यावी लागत, असे जुनी माणसे आजही सांगतात. आदिवासी भागांतील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदा, २००६चा वनहक्क कायदा आणि पेसाचे राज्याचे २०१४चे नियम यांमुळे ग्रामसभांना स्वतः लिलाव करता येऊ लागला. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्याचे आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे; पण हक्क मिळाल्यानंतर दर उन्हाळ्यात जी वही लिहावी लागते, तिच्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही.

फळी म्हणजे झाडोरा साफ केलेले मोकळे मैदान. तेथे पुडकी ओळीने मांडतात, दिवाणजी ओळी मोजत जातो आणि मधूनच एखादे पुडके सोडून पाने मोजतो. एका सायंकाळी त्याने एका वयस्क बाईचे पुडके सोडले, तर त्यात ६६ पाने निघाली. त्याने मान हलवून वहीत काहीतरी खोडले. बाई शांतपणे म्हणाल्या, “आता बाजूचा पण सोडा ना जी.” त्यात ७४ निघाली. “दोन्ही मिळून किती झाले?” असे त्यांनी विचारले ते दिवाणजीला नव्हे, मला. मी १४० म्हणालो आणि खोडलेला आकडा पुन्हा लिहिला गेला. हिशोबनीस म्हणून नागपुरात मी बरीच वर्षे काम केले आहे, परंतु लेखापरीक्षण इतके थोडक्यात उरकलेले पाहिले नव्हते.

पाने उन्हात वाळतात, पुडकी उलटवावी लागतात आणि या काळात सर्वांचे लक्ष आभाळाकडे असते, कारण अवकाळी पावसाची एक सर आली तरी पानांवर काळे डाग पडतात आणि नुकसान कोणाचे, यावरून वाद पेटतो. वाळलेल्या पुडक्यांवर पाणी शिंपडून ती नरम करतात आणि मग बोद, म्हणजे मोठी पोती, भरतात. येथून निघालेले पान विडीच्या कारखान्यांकडे जाते. सोलापूर किंवा सिन्नरला सुपात पाने घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांचा आणि या फळीवरच्या बायकांचा धंदा एकच, पण गाठ कधी पडत नाही. मजुरी दोघींचीही नगावर ठरते.

सर्व काही सुरळीत झाले असे नाही. तोडणीची मजुरी ठरल्याप्रमाणे मिळाली, परंतु रॉयल्टीचा पहिला हप्ता ठेकेदाराने लांबवला आणि भावात कर धरला आहे की नाही, यावर कागदाचा अर्थ दोन्ही बाजूंनी वेगवेगळा लावला. २०१७मध्ये जीएसटी आला तेव्हा तेंदूपानावर १८ टक्के कर बसला, तेव्हापासून बोलीच्या वेळी ही ओळ करारात नीट लिहून घेणे अगत्याचे झाले आहे. पुढील करारात ती मी स्वतः लिहिणार आहे. ग्रामसभेच्या बैठकीत यावर रात्री उशिरापर्यंत माडिया भाषेत चर्चा झाली. लहानपणी शिकलेली माझी माडिया अर्धीमुर्धीच परत आली, त्यामुळे विनोद झाला की मी सगळ्यांच्या नंतर हसत असे. आजारपणामुळे ज्यांना तोडणीला जाता आले नाही अशा घरांनाही रॉयल्टीतून काही वाटा द्यावा, असा ठराव त्याच बैठकीत झाला, आणि त्याला विरोध करणाऱ्यांचे मुद्देही मला अगदीच चुकीचे वाटले नाहीत.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जुना, ठेंगणा पूल पाण्याखाली जातो आणि आलापल्लीकडचा रस्ता तुटतो. त्या दिवसांत ठेकेदाराकडे हप्त्याचा तगादा लावण्याचे काम, फोन हमखास लागेल अशा शहरात राहणारा म्हणून, ग्रामसभेने माझ्याकडे सोपवले आहे. वहीची एक प्रत मी सोबत आणली आहे आणि दर सोमवारी फोन करतो.